माझ्या टेबलावरचे आई-बाबा

मी जहाजावर होतो असं कळलं की आमच्या भागातले लोक आधी माझ्या खांद्यांकडे बघतात. तिथे कधीकाळी सोनेरी पट्ट्या असतील असं त्यांना वाटतं. पट्ट्या नव्हत्या. डाव्या हातावर घडी घातलेला पांढरा रुमाल होता आणि छातीवर पितळी बिल्ला. त्यावर दोनच शब्द : गोपाल, इंडिया. जेवणाच्या दालनात मी वेटर होतो.

या अंकाच्या संपादकांनी जहाजावरच्या थाटामाटाबद्दल लिहायला सांगितलं आहे. थाट होताच, तो सांगतो. पण जहाज म्हटलं की मला सगळ्यात आधी एक सफर आठवते आणि ती आठवली की आजही मान खाली जाते. तिला वगळून बाकीचं लिहिलं तर ती नुसती जाहिरात होईल.

आमचं जहाज जुन्या वळणाचं होतं. हल्लीच्या मोठमोठ्या जहाजांवर घसरगुंड्या असतात, दुकानांच्या रांगा असतात, कानठळ्या बसवणारी गाणी असतात. आमच्याकडे लाकडी कपाटांचं वाचनालय होतं, दुपारच्या चहाला व्हायोलिन वाजवणारी एक बाई होती आणि रात्री पॉलिश केलेल्या फरशीवर सत्तरीतली जोडपी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू गोल फिरायची. संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी कोट घातल्याशिवाय जेवणाच्या दालनात यायचं नाही, असा नियम. सफरीत एक-दोन संध्याकाळी तर काळा सूट आणि गळ्याला बो. पैसे भरून लोक एवढे नियम का पाळतात, हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. नंतर कळलं, की ते नियमांचेच पैसे भरतात.

हे सगळं वर. खाली, पाण्याच्या पातळीजवळ, जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब बोळ होता. गालिचा नाही, डोक्यावर पाइप, भिंतीला ओरखडे. पाहुण्यांना त्याचा पत्ताही नसायचा. आम्ही तिथूनच ये-जा करायचो. बोळातून वर आलं की एक जाड दार लागायचं. दाराच्या अलीकडे उकडलेल्या कोबीचा वास, पलीकडे व्हायोलिन. दार ढकलण्याआधी क्षणभर थांबून चेहरा नीट लावायचा, हे आम्हाला शिकवलेलं होतं. बाराएक वर्षं मी तसा चेहरा लावत आलो. आता अमरावतीच्या एका संस्थेत हॉटेलच्या धंद्याचे धडे देतो आणि मुलांनाही तेच शिकवतो. ती हसतात. अजून त्यांना दार लागलेलं नाही.

कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आठ-आठ माणसांची गोल टेबलं. एका वेटरकडे अशी दोन-तीन आणि मदतीला एक सहायक. माझा सहायक जून नावाचा फिलिपिनो मुलगा होता. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याला नावानं हाक मारता आली पाहिजे. कोणाला पाण्यात लिंबू लागतं, कोणाला बर्फ चालत नाही, हे पुन्हा विचारायचं नाही. वाढायचं डावीकडून, ताट उचलायचं उजवीकडून. ताटातलं उष्टं पाहुण्यासमोर खरवडायचं नाही, ताटावर ताट रचायचं नाही. समुद्र खवळला की टेबलावरची चादर पाणी शिंपडून ओली करायची, म्हणजे प्लेटा सरकत नाहीत. समुद्राशी आमच्या खात्याचा संबंध एवढाच.

काही पाहुणे मात्र जन्मभर लक्षात राहिले. दर हिवाळ्यात येणारे एक वयस्क इंग्रज गृहस्थ होते. एकटेच यायचे. रोज रात्री, कितीही पदार्थ असले तरी, एक उकडलेला बटाटा मागायचे. बिल्ला पाहून त्यांनी माझं गाव विचारलं. मी अकोट सांगितलं. ते कुठे आहे, तर अकोल्याजवळ. तेव्हापासून रोज नाश्त्याला ते वर्तमानपत्रातून किंवा कुठून तरी आमच्याकडचं हवामान काढून आणायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "गोपाल, आज तुमच्या अकोल्यात फार ऊन आहे बरं का." जणू मी दुपारी छत्री घेऊन निघणारच होतो! मला त्यांचा फार आधार वाटायचा. माझं गाव पृथ्वीवर आहे, हे त्या जहाजावर त्यांनाच ठाऊक होतं.

तर, ताटं उचलणं. या धंद्याचा निम्मा भाग म्हणजे उष्टी ताटं उचलणं. अकोटच्या आमच्या घरात पुरुषानं स्वतःचं ताट उचललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा जेवण झालं की ताटातच हात धुवायचे आणि उठायचे. आई ताट न्यायची. मीही तसाच उठायचो. जहाजावर पहिल्या दिवशी कोणीतरी चावून टाकलेल्या हाडांची प्लेट हातात आली, तेव्हा मी हातमोजे मागितले. जून पोट धरून हसला. म्हणाला, "गावाकडे तू राजा होतास का?"

राजा नव्हतो. बाबा अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. हंगामात घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची लव असायची, डोळे तेवढे काळे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले आणि मला सायकलवर मागे बसवून गावातून एक फेरी मारली. मी बावीस वर्षांचा घोडा, पाय जमिनीला टेकत होते. पुढे अमरावतीला हॉटेलचा कोर्स केला आणि जहाजावर लागलो. घरी सांगितलं, "रेस्टॉरंट डिपार्टमेंटला आहे." हे खरंच होतं. पण त्या एका वाक्याआड सगळं झाकलं जायचं.

पहिल्या सुट्टीत माझ्या शाळेनं सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "आपला गोपाल आज साता समुद्रांवर अधिकारी म्हणून काम करतो आहे." मी दुरुस्त करायला उठणार होतो, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. समोर पहिल्या रांगेत बाबा बसले होते. हात मांडीवर, पाठ ताठ. त्या दिवसापासून अकोटमध्ये मी अधिकारी झालो.

आमच्या कंपनीत तेव्हा एक सवलत होती. सफर भरलेली नसली तर काही वर्षं नोकरी झालेल्या माणसाला आई-वडिलांना रिकाम्या खोलीत नेता यायचं. मला ते फार दिवस मनात होतं. पण युरोपापर्यंत ती दोघं एकटी येणार कशी? आई तर अकोल्याला जायचं तरी एस.टी.त माझ्या मावशीला सोबत घ्यायची. मग कळलं की अमरावतीच्या एका टूरवाल्याचा गट नेमका आमच्याच जहाजावर येतो आहे. मी त्याला गाठलं, आई-बाबांना गटात घातलं. विमानात सोबत होईल, मराठी बोलायला माणसं मिळतील. हेड वेटरला सांगून तो गट माझ्या टेबलांवर घेतला. दालनात मराठी येणारा मी एकटाच होतो, त्यामुळे त्यालाही सोयीचं झालं. एकच अट त्यानं घातली : "दालनात ते पाहुणे आणि तू वेटर. घरचं नातं दाराबाहेर." मी हो म्हणालो. माझा हिशेब साधा होता. आई-बाबांना झुंबरं आधी दिसतील, जिना दिसेल, व्हायोलिन ऐकू येईल, मी त्यानंतर दिसेन. त्या झगमगाटात माझ्या हातातलं ताटही चमकेल, असं मला वाटलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आठ जण टेबलावर आले. बाबा अकोटच्या टेलरकडून शिवलेल्या करड्या कोटात. आई मोरपंखी साडीत, पदर घट्ट. त्यांच्या शेजारी अमरावतीचे एक निवृत्त वकील आणि त्यांच्या पत्नी. वकीलसाहेब उमदा माणूस, आवाज कोर्टातला. बाकी दोन जोडपी आपापसात गप्पा मारणारी. मी चेहरा लावून पुढे झालो आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रुमाल पाहिला, बिल्ला पाहिला. मग समोरच्या मिठाच्या डबीकडे पाहू लागले.

वकीलसाहेबांनी बिल्ला वाचला. "गोपाल! अरे वा, मराठी का रे तू? कुठला?"

"अकोट, सर." सवयीनं निघून गेलं.

"घ्या!" वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "भाऊ, तुमच्याच गावचं पोरगं निघालं की! ओळखता का याला?"

बाबांनी मिठाची डबी उचलली, परत ठेवली. म्हणाले, "नाही. गाव मोठं हाये."

माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी आईच्या ग्लासात पाणी ओतलं. तिचा हात टेबलावर पुढे आला होता, तो बाबांनी आपल्या हाताखाली घेतला.

"तुला माहीत नाही गोपाल," वकीलसाहेब मोठ्या मायेनं मला सांगू लागले, "या भाऊंचा मुलगा याच जहाजावर आहे. अधिकारी आहे वर. कॅप्टनच्या खालोखाल. विमानात सांगत होते. तुला काही अडचण आली ना, तर यांना सांग. ते मुलाला सांगतील. गावच्या पोराचं काम करेल तो. काय भाऊ?"

"करन," बाबा म्हणाले.

"थँक यू, सर," मी म्हणालो. बाबांकडे बघून.

वकीलसाहेबांनी मुलाचं नाव कसं विचारलं नव्हतं, असं कोणी म्हणेल. आपल्याकडे हुद्दा कळला की नाव मागे राहतं.

मी वाढायला लागलो. आचाऱ्यानं गटासाठी मुद्दाम पोळी-भाजी केली होती. आईच्या डावीकडे वाकलो तेव्हा ती अगदी हळू बोलली, "जेवला काय तू?"

वकिलीणबाईंनी ऐकलं. त्या हसल्या. "अहो ताई, ते मागून जेवतात. त्यांची सोय वेगळी असते." मग त्यांनी एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसणं मध्येच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खास परवानगी घेऊन मी आई-बाबांच्या खोलीवर गेलो. आतली खोली, खिडकी नसलेली. आईनं दार उघडलं आणि आधी माझे गाल चाचपले.

"परक्यावानी वाढून राहिला. माह्या घशाखाली घास उतरत नाही, बापू."

बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले.

"विमानात बोलून गेलो म्या," ते म्हणाले. "वकील म्हने, मुलगा काय करते? शाळेत हेडमास्तरानं म्हनलं होतं तेच म्या म्हनलं. मले काय माहीत होतं?"

"बाबा, मी रेस्टॉरंट डिपार्टमेंट म्हटलं होतं."

"म्हनलं होतं. मले वाटलं, तिथंही साहेब असतीन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असतेत ना?"

"असतात. मी नाही."

मी म्हणालो, "आज संध्याकाळी मीच सांगून टाकतो."

"तू काहून सांगशील? बोललो म्या. अन् काल तोंडावर म्हनलं, वळखत नाही म्हनून. आता कोन्या तोंडानं सांगू, हे माहं पोरगं हाये? म्हनतीन, बापानं पोराले नाकारलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुह्या वळखीचा एखादा पट्टीवाला नाही काय? एका दिवसासाठी कोट देईन तुले?"

"दुसऱ्याच्या पट्ट्या घातल्या तर पुढच्या बंदरावर उतरवतात, बाबा."

"मंग राहू दे."

आई मध्येच म्हणाली, "काय लाज हाये त्यात? वाढतेच ना? चोरी तं नाही करत?"

बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "इतक्या लोकायचं उष्टं रोज तूच काढतं?"

"हो."

"सकाळी, दुपारी, रातच्याले?"

"हो."

ते रागावतील असं मला वाटलं. मी तयारी केली होती, कामात लाज नाही वगैरे वाक्यं पाठ होती. ते रागावले नाहीत. बुटांकडे बघत एवढंच म्हणाले, "म्या तुले बी.कॉम. केलं." माझी वेळ झाली होती. मी उठलो आणि बोळातून चालत, चेहरा लावत दालनात गेलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. वकीलसाहेब म्हणायचे, "भाऊ, चिरंजीव आज तरी येणार का?" बाबा म्हणायचे, "ड्युटी हाये त्याची." मी मागे उभा राहून पोळ्या झाकायचो. आणि रोज आईची प्लेट उचलताना दिसायचं, की कोपऱ्यात एक गोड पदार्थ तसाच ठेवलेला आहे. चमच्यानं न तोडलेला, रस्सा लागू न दिलेला. कधी गुलाबजाम, कधी बर्फी. ती माझ्यासाठी ठेवायची. पाहुण्याच्या प्लेटमधलं खाल्लं तर आमच्याकडे नोकरी जायची. मी आत नेऊन ते उष्टं दळायच्या यंत्रात टाकायचो.

सफर निम्म्यावर आली आणि समुद्र बिघडला. नेमका काळ्या सुटाचा दिवस. संध्याकाळपर्यंत अर्धं दालन रिकामं. आम्ही चादरी ओल्या केल्या, फुलदाण्या काढल्या. आमच्या टेबलावर वकील पतिपत्नी आणि आई-बाबा एवढेच आले. बाबांना हलण्याचं काही वाटत नव्हतं. जिनिंगची फरशी यापेक्षा जास्त हलायची, असं ते वकीलसाहेबांना सांगत होते. पहिल्यांदाच ते टेबलावर मोकळेपणानं बोलत होते, हात हलवत होते. ते ऐकण्यात माझं लक्ष गेलं. वाकलो, तेव्हाच जहाज कलंडलं आणि टोमॅटोचं गरम सूप बाबांच्या कोटावर, मांडीपर्यंत.

मी गुडघ्यावर बसलो आणि रुमालानं पुसू लागलो. बाबा "राहू दे, राहू दे" म्हणत माझा हात दूर करत होते.

"अरे काय हे!" वकीलसाहेब ताडकन उभे राहिले. "लक्ष कुठे आहे तुझं? भाजलं असतं म्हाताऱ्या माणसाला! माफी माग त्यांची."

मी गुडघ्यावरच होतो. वर पाहिलं. "सॉरी, सर."

"मराठीत माग. त्यांना कळलं पाहिजे."

"माफ करा, साहेब."

बाबा म्हणाले, "रागावू नका त्याच्यावर, वकीलसाहेब. पोरगं हाये. होते असं."

वकीलसाहेब लगेच निवळले. वाईट माणूस नव्हताच. उलट मला दया दाखवावी म्हणून त्यांनी विचारलं, "शिकलास किती?"

"बी.कॉम., सर."

"बी.कॉम. होऊन हे? अरे, आईबापांनी यासाठी शिकवलं का तुला? अमरावतीला माझ्याकडे आला असतास तर कुठेतरी टेबलखुर्चीवर बसवला असता. हे लोकांचं उष्टं काढणं..." त्यांनी मान हलवली आणि पाठिंब्यासाठी बाबांकडे पाहिलं. "काय भाऊ, खरं की नाही?"

बाबा कोटावरचा डाग पाहत होते. "खरं हाये," म्हणाले.

जेवण संपल्यावर मी प्लेटा उचलल्या. आईच्या प्लेटमध्ये त्या दिवशी पेढा होता. आत गेलो, यंत्रापाशी उभा राहिलो आणि तो पेढा खाल्ला. जून समोरच होता. त्यानं पाठ वळवली आणि काटे-चमचे मोजत राहिला.

शेवटच्या संध्याकाळी आमच्याकडे एक रीत असे. दिवे मंद करायचे, आम्ही सगळे वेटर आइस्क्रीमचा पेटवलेला केक घेऊन संगीताच्या तालावर टेबलांमधून फिरायचो आणि पाहुणे उभे राहून हातातले पांढरे रुमाल गरगर फिरवायचे. मग जो तो आपल्या वेटरच्या हातात काही ना काही ठेवायचा. बाबांना हे मी आधी सांगून ठेवलं होतं आणि एक नोट त्यांच्या कोटाच्या खिशात घातली होती. नाहीतर त्यांनी एकट्यांनीच दिलं नाही, असं दिसलं असतं.

आमच्या टेबलावर सगळे उभे राहिले. आईनंही रुमाल फिरवला. तिला ते लग्नातल्यासारखं वाटलं असावं, ती पहिल्यांदाच हसत होती. मग वकीलसाहेबांनी मला पाकीट दिलं, पाठीवर थोपटलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "एवढीच हळहळ राहिली भाऊ. अख्खी सफर झाली, पण तुमचा मुलगा काही भेटला नाही."

बाबांनी खिशातून माझीच नोट काढली. ती तळहातावर सपाट केली. मग दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली आणि माझ्याकडे बघत वकीलसाहेबांना म्हणाले, "भेटला ना. रोजच भेटला. दोन्ही येळा वाढलं त्यानं मले."

वकीलसाहेबांचा रुमाल हातात तसाच राहिला. ते माझ्याकडे, मग बाबांच्या डागाळलेल्या कोटाकडे बघू लागले. वकिलीणबाई आईजवळ सरकल्या आणि तिचा हात धरला. त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, हे त्यांनी आईला नंतर सांगितलं.

संगीत चालूच होतं. हेड वेटर पलीकडून बघत होता. घरचं नातं दाराबाहेर, हे मला आठवत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते आठवायची गरज नव्हती. कोणी काही म्हणालं नसतं. बाबांनी एवढं तोंड उघडलं होतं, मला नुसतं "बाबा" म्हणायचं होतं. माझा चेहरा लावलेला होता आणि तो निघेना. मी नोट घेतली आणि म्हणालो, "थँक यू, सर."

बाबांनी मान डोलावली आणि खाली बसले.

कॉन्ट्रॅक्ट संपवून मी त्या वर्षी अकोटला आलो, ते उन्हाळ्याच्या तोंडावर. घरात त्या सफरीबद्दल कोणी बोललं नाही. गल्लीतल्या कोणी "साहेब कधी आले?" म्हटलं की बाबा पूर्वीसारखे हसायचे नाहीत. "जहाजावर वाढते थो," एवढं सांगून आत यायचे. मला ते ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ लावायचो.

एका दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आईनं बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला होता. बाबांचं आधी झालं. ताटात हात धुवायचा म्हणून आईनं तांब्या सरकवला, पण ते उठून मोरीत गेले आणि तिथे हात धुवून आले. माझं झालं, तसा मी सवयीनं ताट उचलायला लागलो.

"ठेव," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आई नेईल असं त्यांना म्हणायचं आहे. मी ठेवलं. ते माझ्यासमोर वाकले. गुडघे दुखायचे त्यांचे, एक हात जमिनीला टेकून वाकले आणि माझं उष्टं ताट उचललं.

"अवो, काय करून राहिले!" आई ओरडली. "पोराचं उष्टं बापानं काढायचं काय?"

"जगाचं हा काढते," बाबा म्हणाले. "याचं कोन काढन?"

मी त्यांच्या हातातून ताट घ्यायला उठलो. ते देईनात. ताट छातीशी धरून मोरीकडे गेले. मी हात धुवायचा विसरून परत पाटावर येऊन बसलो. माझ्याच घरात, माझ्याच पाटावर, मला तोंड कुठे लपवावं ते कळेना. आतून ताट घासण्याचा आवाज येऊ लागला. बाबांना ताट घासायची सवय नव्हती. तो आवाज बराच वेळ येत होता.